धुऊन वापरावयाची कापडी फडकी आणि तान्ह्या बाळाची स्वच्छता : बुलढाणा जिल्ह्यातील पाण्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

तान्ह्या बाळाचे अंग पुसणे, त्याची शी-शू स्वच्छ करणे हे घरातील अत्यंत साधे आणि म्हणूनच अभ्यासकांकडून दुर्लक्षित राहिलेले काम होय. गृहअर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिशुसंगोपन हा घटक असतो. त्यात आहार, लसीकरण व वाढीचे टप्पे यांची सविस्तर चर्चा होते. परंतु बाळाला पुसण्याचे फडके कसे असावे आणि ते कसे धुवावे, यावर क्वचितच चार ओळी आढळतात. आपल्याकडे पूर्वी या कामासाठी जुन्या सुती लुगड्याची अथवा धोतराची फडकी वापरली जात. लंगोट, दुपटी आणि बाळोती यांच्याबरोबर ही फडकीही बाळंतिणीच्या खोलीत घडी करून ठेवलेली असत. गेल्या काही वर्षांत त्यांची जागा ओल्या वाइप्सच्या पाकिटाने घेतली. आता पर्यावरणाच्या दृष्टीने पुन्हा कापडी फडक्यांकडे वळावे, असा विचार मांडला जात आहे.

हा विचार योग्य असला तरी तो अपुरा आहे. कापड चांगले की पाकीट चांगले, असा प्रश्न मांडल्यास उत्तर सोपे वाटते. परंतु कापडी फडक्याचा गुण हा कापडात जितका असतो, तितकाच तो धुण्यात असतो. आणि धुण्याचा गुण पाण्यावर व धुणाऱ्या हातांवर अवलंबून असतो. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात, जिथे काही गावांत पाणी खारे आहे, काही गावांत ते जड आहे आणि अनेक गावांत उन्हाळ्यात ते पुरेसे नाही, तिथे या बाबीचा स्वतंत्र विचार करणे अगत्याचे ठरते.

लेखाची उद्दिष्टे

१. तान्ह्या बाळाच्या त्वचेचे स्वरूप व पुसण्याच्या साधनाचा त्यावर होणारा परिणाम समजून घेणे.
२. कापडी फडकी व एकदाच वापरून टाकावयाची वाइप्स यांचे गुणदोष पाहणे.
३. बुलढाणा जिल्ह्यातील पाण्याच्या संदर्भात फडकी धुण्याची शास्त्रीय व काटकसरीची पद्धत मांडणे.
४. या कामातील श्रमाच्या वाटणीकडे लक्ष वेधणे.

बाळाची त्वचा आणि लंगोटाखालील पुरळ

नवजात बाळाची त्वचा प्रौढांच्या त्वचेपेक्षा पातळ असते. जन्माच्या वेळी तिचा सामू उदासीनतेच्या जवळ असतो व पुढील काही आठवड्यांत ती किंचित आम्लधर्मी होते. ही सौम्य आम्लता त्वचेचे संरक्षक कवच होय. लघवीतील युरियापासून अमोनिया तयार होतो व त्या जागेचा सामू वाढतो. सामू वाढला की विष्ठेतील प्रथिने व स्निग्ध पदार्थ विघटित करणारी विकरे अधिक क्रियाशील होतात आणि त्वचेला इजा करतात. त्यात ओलावा व घर्षण यांची भर पडली की मांड्यांच्या सांध्यांत व बैठकीवर लाली येते, पुरळ उठतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पुसण्याच्या साधनाकडून आपली अपेक्षा तीन प्रकारची असते : मळ निघावा, घर्षण कमी व्हावे आणि त्वचेवर क्षारधर्मी असे काही मागे राहू नये. पहिल्या दोन अपेक्षा मऊ सुती कापड आणि कोमट पाणी सहज पूर्ण करतात. तिसरी अपेक्षा मात्र फडके कसे धुतले गेले यावर अवलंबून असते. कारण कपडे धुण्याचा साबण क्षारधर्मी असतो आणि तो फडक्यात राहून गेला, तर ओले फडके फिरवताच तो बाळाच्या त्वचेवर उतरतो.

ओली वाइप्स : गुण आणि मर्यादा

एकदाच वापरावयाची वाइप्स बहुधा न विणलेल्या कापडाची असतात. त्यांत व्हिस्कोस, पॉलिस्टर व पॉलिप्रॉपिलीन हे तंतू वेगवेगळ्या प्रमाणात वापरले जातात. काही वाइप्स केवळ वनस्पतिजन्य तंतूंचीही असतात. त्यांतील द्रवाचा बहुतांश भाग पाणी असतो. पाणी असलेली वस्तू पाकिटात अनेक महिने टिकवायची असल्याने तीत परिरक्षक घालावे लागते.

वाइप्स सरसकट अपायकारक आहेत असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे २८० नवजात बाळांवर झालेली व २०१२ साली प्रसिद्ध झालेली चाचणी या संदर्भात महत्त्वाची आहे. सौम्य, सुगंधविरहित व मद्यार्कविरहित वाइप्स वापरल्यास त्वचेतील आर्द्रतेवर होणारा परिणाम कापूस व पाणी वापरल्याइतकाच असतो, असे तीत आढळले. मात्र सर्वच वाइप्स अशी नसतात. मिथाइलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकामुळे अनेकांना त्वचेची ॲलर्जी होत असल्याचे दिसून आल्यावर अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्यास ‘वर्षाचे ॲलर्जीकारक द्रव्य’ घोषित केले. युरोपीय संघाने २०१६ च्या नियमान्वये, त्वचेवर तसेच राहू द्यावयाच्या प्रसाधनांत त्याच्या वापरास बंदी केली. म्हणून पाकीट घेताना त्यावरील घटकद्रव्ये वाचणे आवश्यक आहे.

दुसरी मर्यादा कचऱ्याची आहे. बाळास दिवसातून सात-आठ वेळा स्वच्छ केले व दर वेळी दोन वाइप्स वापरली असे धरल्यास रोज सुमारे १५, महिन्यास ४५० आणि दोन वर्षांत १०,८०० वाइप्स एका बाळामागे टाकून द्यावी लागतात. लंडनमधील व्हाइटचॅपल भागात २०१७ साली सांडपाण्याच्या नळात चरबी, वाइप्स इत्यादींचा सुमारे १३० टन वजनाचा व २५० मीटर लांबीचा गोळा सापडला होता. आपल्या खेड्यांत असे नळ नाहीत. येथे वापरलेली वाइप्स उकिरड्यावर, नाल्यात किंवा चुलीत जातात. उकिरड्यावर टाकलेली पॉलिस्टरयुक्त वाइप्स पुढे शेणखताबरोबर शेतात पोहोचतात. भारत सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत वापरलेले डायपर, सॅनिटरी नॅपकिन व तत्सम वस्तूंची ‘स्वच्छताविषयक कचरा’ अशी स्वतंत्र व्याख्या करण्यात आली व तो गुंडाळून वेगळा देण्याची जबाबदारी घरावर टाकण्यात आली. परंतु ज्या गावात तो घेण्यास कोणी येत नाही, त्या गावात हा नियम कागदावरच राहतो.

कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यातील कापड

कापूस हे बुलढाणा जिल्ह्याचे जुने नगदी पीक होय. खामगाव ही एकेकाळी वऱ्हाडातील अग्रगण्य कापूस बाजारपेठ होती आणि एकोणिसाव्या शतकात जलंब-खामगाव हा रेल्वेफाटा प्रामुख्याने कापसाच्या वाहतुकीसाठी टाकण्यात आला. अशा जिल्ह्यातील बाळाला पुसण्यासाठी पॉलिस्टरचे तंतू बाहेरून यावेत, हा विरोधाभास नोंद घेण्याजोगा आहे.

कापसाचा तंतू सेल्युलोजचा असल्याने तो पाणी धरून ठेवतो. प्रमाणित हवामानात सुती तंतू आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के, तर पॉलिस्टर केवळ ०.४ टक्के ओलावा शोषतो. जुने सुती कापड नव्यापेक्षा मऊ व अधिक शोषक असते, कारण वारंवार धुण्याने त्यातील खळ निघून गेलेली असते. आजीच्या जुनेराला असलेला मान हा केवळ भावनेचा नव्हता, त्यामागे हे कारण होते.

येथे एक अडचण मात्र लक्षात घ्यावयास हवी. आजच्या घरांतील बहुसंख्य जुन्या साड्या कृत्रिम धाग्यांच्या असतात. त्या फाडून केलेली फडकी पाणी शोषत नाहीत, उलट त्वचेवर घासतात. म्हणून जुने कापड वापरण्यापूर्वी त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब लगेच जिरला तर कापड उपयुक्त समजावे. शंका राहिल्यास एक धागा काळजीपूर्वक जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, तर पॉलिस्टर वितळून त्याची कठीण गोळी बनते. जुने सुती कापड नसल्यास मलमल घ्यावी व वापरण्यापूर्वी ती तीन-चार वेळा धुऊन खळ काढावी. साधारण वीस सेंटिमीटर चौरस, दुपदरी, कडा दुमडून शिवलेली तीस फडकी एका बाळास पुरतात : पंधरा वापरात आणि पंधरा वाळत.

घाटावरचे पाणी, घाटाखालचे पाणी

जिल्ह्यात ‘घाटावर’ व ‘घाटाखाली’ असे दोन भाग बोलण्यात नेहमी येतात. ही विभागणी पाण्यालाही लागू पडते. घाटावरील बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांत काळ्या पाषाणातील विहिरी व बोअर यांचे पाणी बहुधा कॅल्शियम व मॅग्नेशियमयुक्त, म्हणजेच जड असते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतील अनेक गावे अमरावती-अकोल्यापासून पसरलेल्या खारपाणपट्ट्यात येतात. तेथील भूजलात सोडियम व इतर क्षारांचे प्रमाण मोठे असते.

जड पाण्यात साबणातील स्निग्धाम्लांचा कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो धाग्यांत अडकतो, त्यामुळे फडके वाळल्यावर कडक व करडे होते. खाऱ्या पाण्यातही साबणाला फेस येत नाही. फेस येत नाही म्हणून अधिक साबण लावला जातो, आणि अधिक साबण काढण्यासाठी जे पाणी हवे तेच नसते. अशा रीतीने कापडी फडके स्वच्छ दिसूनही बाळाच्या त्वचेला त्रासदायक ठरू शकते.

या संदर्भात प्रस्तुत लेखिकेचा स्वतःचा अनुभव नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. बाळंतपणानंतर घाटाखालील सासरी असताना बाळाच्या मांड्यांवर पुरळ उठला. घरातील कापडी फडक्यांना दोष देऊन लेखिकेने तालुक्याहून वाइप्सची पाकिटे मागविली व पुरळ कमी झाला. त्यामुळे कापडच वाईट असा निष्कर्ष काढून ती मोकळी झाली होती. आजेसासूबाईंनी मात्र वाळलेले फडके हातात घेऊन चुरगाळले आणि म्हणाल्या, “कापडाचं काई नाई चुकत वं बाई, पान्याचं चुकते.” त्यांनी एक फडके स्वच्छ पाण्याच्या वाटीत पिळून दाखविले, पाणी गढूळ होऊन त्यावर फेस आला. पुढे बोअरच्या पाण्याने धुऊन शेवटचे खळबळणे पिण्याच्या गोड्या पाण्याने सुरू केले, तेव्हा त्याच फडक्यांनी बाळास पुन्हा त्रास झाला नाही. एका घरातील हा अनुभव शास्त्रीय पुरावा ठरत नाही. परंतु प्रश्न कोठे शोधावा, याची दिशा त्यातून मिळाली.

क्षार आणि धुणे यांचा संबंध या जिल्ह्याला नवा नाही. लोणार परिसरात काच व साबण तयार करण्यास लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. २०२० साली रामसर स्थळाचा दर्जा मिळालेल्या या सरोवराचे पाणी तीव्र क्षारधर्मी आहे. मळ काढण्याचे सामर्थ्य क्षारात असते. परंतु जो क्षार मळ काढतो तोच त्वचेचे आम्ल कवचही काढतो. म्हणून क्षार वापरावा, पण तो फडक्यात ठेवू नये.

थोड्या पाण्यात फडकी धुण्याची पद्धत

जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. या मर्यादेत फडकी धुणे कसे बसवावे, हे पाहू.

प्रथम फडक्यावरील विष्ठा शौचालयात टाकावी. तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. तिच्यातूनही अतिसाराचे जंतू पसरतात. फडके दोन लिटर थंड पाण्यात विसळून ते पाणीही शौचालयातच ओतावे. हातपंपाच्या ओट्यावर अथवा विहिरीजवळ ओतू नये. गरम पाण्याने प्रथिनांचे डाग पक्के बसतात, म्हणून पहिले पाणी थंडच असावे. त्यानंतर तीन लिटर गरम पाण्यात बेताची धुण्याची पावडर घालून फडकी अर्धा तास भिजवावीत व चोळावीत. जड वा खाऱ्या पाण्यात साबणाच्या वडीपेक्षा पावडर बरी, कारण तिचा साका होत नाही. घाटावरील जड पाणी उकळून, निवळून घेतल्यास त्याचा काही जडपणा कमी होतो. खाऱ्या पाण्यातील क्षार मात्र उकळून जात नाहीत.

खळबळण्याचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा असून त्यात साधे गणित आहे. पिळल्यानंतर पंधरा फडक्यांत अर्धा लिटर साबणाचे पाणी राहते असे समजू. ती एकदाच सहा लिटर पाण्यात खळबळून पिळली, तर मूळ साबणाचा तेरावा भाग शिल्लक राहतो. तेच सहा लिटर पाणी दोन-दोन लिटर असे तीनदा वापरले व दर वेळी फडकी घट्ट पिळली, तर प्रत्येक वेळी पाचवा भाग उरत जाऊन शेवटी केवळ एकशे पंचविसावा भाग राहतो. पाणी तितकेच, परंतु स्वच्छता जवळजवळ दहापट. शेवटचे दोन लिटर पाणी गोडे असावे. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी पहिल्या सरी सोडून धरल्यास त्यासाठी उत्तम. या पद्धतीने एकूण अकरा लिटर पाणी लागते. म्हणजे एका माणसाच्या ठरविलेल्या वाट्याचा पाचवा हिस्सा. टँकरच्या दिवसांत हा हिस्सा लहान नाही, हेही मान्य केले पाहिजे.

कपडे मऊ करणारे द्रव वापरू नयेत. त्यांमुळे कापडाची शोषकता घटते. जंतुनाशक द्रवाची रोज आवश्यकता नाही. फडकी कडक उन्हात, एकमेकांवर न टाकता पूर्ण वाळवावीत. ऊन, उष्णता आणि कोरडेपणा ही तीनही जंतूंना मारक असतात. बाळाचे कपडे दिवेलागणीपूर्वी आत घ्यावेत, या जुन्या रीतीचा व्यावहारिक लाभ असा की वाळलेले कापड दवाने पुन्हा ओले होत नाही. पावसाळ्यात घरात वाळविलेल्या फडक्यांवर इस्त्री फिरवावी. ओलसर फडकी डब्यात घडी करून ठेवणे किंवा भिजवून ठेवलेले फडके दुसऱ्या दिवशी वापरणे टाळावे. वापरताना फडके ताज्या पाण्यात बुडवावे, मुलीस पुढून मागे पुसावे, त्वचा टिपून कोरडी करावी आणि नंतर स्वतःचे हात साबणाने धुवावेत. सांध्यांत गडद लाली व भोवती बारीक ठिपके दिसले, पाणी वा पू भरलेले फोड आले, ताप आला किंवा बाळ नीट पीत नसेल, तर फडके बदलत बसू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

पर्यावरण, श्रम आणि आरोग्यशिक्षण

धुण्यावर सर्व अवलंबून असते, हे ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २००८ साली लंगोटांबाबत केलेल्या अभ्यासातूनही दिसून येते. अडीच वर्षांच्या वापरासाठी एकदाच वापरावयाच्या लंगोटांमुळे सुमारे ५५० किलो, तर सरासरी पद्धतीने धुतलेल्या कापडी लंगोटांमुळे सुमारे ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, असा हिशेब त्यात मांडला होता. मात्र यंत्र पूर्ण भरून धुणे, दोरीवर वाळविणे व तीच लंगोटे दुसऱ्या बाळास वापरणे यांमुळे कापडी लंगोटांचे उत्सर्जन सुमारे ४० टक्क्यांनी घटते. हा अभ्यास फडक्यांचा नाही व तेथील वीजही आपली नाही. परंतु त्यामागील तत्त्व येथेही लागू पडते. आपल्याकडे ऊन फुकट आहे आणि पाठच्या भावंडाला फडकी देण्याची रीतही आहे.

पण हात फुकट आहेत असे समजण्याचा आपल्याला अधिकार नाही. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरगुती बिनमोल कामांत भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर पुरुष ८८ मिनिटे. कापूस वेचणीच्या दिवसांत झाडाला झोळी बांधून, त्यात बाळ ठेवून सऱ्या धरणाऱ्या बाईला आपण ‘पर्यावरणासाठी कापड वापरा’ असा उपदेश करतो, तेव्हा प्रत्यक्षात तिच्या दिवसात आणखी एक धुणे वाढवीत असतो. रोजचे अकरा लिटर पाणीही बहुधा तीच भरते. वाइप्स वापरणारी आई आळशी असते, अशी टीका करणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

या कामाचे शिक्षण देण्याची यंत्रणा आपल्याकडे उपलब्ध आहे. गडचिरोली येथील ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यामुळे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर घरगुती नवजात काळजी कार्यक्रम सुरू झाला. त्यानुसार रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी आशा कार्यकर्ती तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी देते. यांपैकी एका भेटीत वाटीतील पाण्यात फडके पिळून दाखविण्याचे प्रात्यक्षिक सहज करता येईल. त्यास खर्च नाही. आणि फेस दिसला की वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

निष्कर्ष

१. मऊ सुती फडके व कोमट पाणी हे बाळाच्या स्वच्छतेचे सुरक्षित साधन होय. मात्र ते नीट धुतलेले असणे ही त्याची अट आहे.
२. सौम्य, सुगंधविरहित वाइप्स प्रवासात, आजारपणात वा टंचाईच्या दिवसांत वापरण्यास हरकत नाही. ती रोजची गरज होऊ नये आणि उघड्यावर टाकली वा जाळली जाऊ नयेत.
३. जड व खाऱ्या पाण्याच्या गावांत पुरळाचे कारण कापडात शोधण्यापूर्वी खळबळण्यात शोधावे.
४. एकदा भरपूर पाण्यात खळबळण्यापेक्षा थोड्या पाण्यात तीनदा खळबळणे अधिक परिणामकारक व काटकसरीचे आहे.
५. कापडाचा आग्रह धरताना पाणी भरणे व धुणे ही कामे घरातील पुरुषांनी वाटून घेणे आवश्यक आहे. अन्यथा हा आग्रह अन्यायकारक ठरतो.

समारोप

आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यास संत गाडगे बाबांचे नाव आहे. परीट कुटुंबात जन्मलेल्या या संताने हातात खराटा घेतला आणि स्वच्छतेच्या कामाला प्रतिष्ठा दिली. गृहअर्थशास्त्राच्या विद्यार्थिनींनी आपापल्या गावचे पाणी तपासून, तेथील घरांतील वाळलेली फडकी वाटीत पिळून पाहिली, तर एक चांगला प्रकल्प उभा राहील. रसायनशास्त्र विभागाने पाण्याचा जडपणा मोजून देण्याचे साहाय्य करावे. आणि या प्रकल्पात विद्यार्थ्यांनाही घ्यावे. उद्या त्यांच्याही घरी पाळणा हलेल, आणि त्या वेळी दोरीवर फडकी वाळत घालणारा हात त्यांचाही असावा.